दुगैमची चाल

पाणी यायच्या दिवशी सकाळी तराद गच्चीवर टाकी बघायला गेला, तेव्हा रात्रभर पडलेल्या पिवळ्या धुळीत त्याला अनवाणी पावलं दिसली. ती कोणाची आहेत हे त्याला लगेच कळलं. विचार करून कळलं नाही. जिन्यात कोणी खाकरावं आणि वर न बघताच तो कोण हे समजावं, तसं कळलं. डावं पाऊल बाहेरच्या कडेवर पडलेलं, अंगठ्याचा ठसाच नाही, टाच मात्र खोल. उजवं सरळ, पण जरा घाईनं टेकलेलं, कारण डाव्यावर भार फार वेळ ठेवायचा नसे. लहानपणी उंटावरून पडून घोटा मोडलेला आणि वाकडाच जुळलेला. दुगैम. तराद दारातच थांबला. आपली प्लास्टिकची चप्पल त्या ठशांवर पडू नये म्हणून त्यानं पाय मागे घेतला. पोलिसातली नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी ही सवय सुटलेली नव्हती. पलीकडच्या गच्चीवर कबुतरवाला काठीला बांधलेलं फडकं फिरवत होता आणि त्याची कबुतरं धुरकट आभाळात गोल गोल फिरत होती. पावलं जिन्याच्या दाराकडे येत होती. तरादच्या नजरेनं ती उलटी मोजत, टाकी आणि डिशच्या मधल्या जागेपर्यंत माग काढला, आणि तिथे नजर थबकली. तिथे पावलं सुरू होत होती. त्यांच्या मागे काही नव्हतं. सपाट, हात न लागलेली धूळ. माणूस जणू वरून तिथे ठेवला होता आणि मग तो चालू लागला होता.

कारण त्याच माणसाची पावलं तरादनं एकदा संपताना पाहिली होती. त्याची मुलगी वदहा तेव्हा रांगत होती, आणि तो पूर्व भागाचा कमांडर होऊन फार दिवस झाले नव्हते. उंटावरचा साधा शिपाई म्हणून तो वाळवंटातल्या पोलिसात शिरला होता, छातीवर लाल पट्टे आणि घोट्यापर्यंतचा खाकी झगा घालून. मग हवालदार, मग चौकीप्रमुख, मग सगळ्या पूर्व भागाचा कमांडर. शहरातले अधिकारी म्हणत, तुझ्याकडे माणसांपेक्षा दगड जास्त आहेत, तुला काम काय. काम होतं. कोणाची मेंढरं कोणाच्या विहिरीवर गेली, कोणी सीमेपलीकडून सिगारेटी आणल्या, कोणी कोणाच्या मुलीला पळवलं. अर्धं काम तंबूत कॉफीच्या चुलीपाशी बसून व्हायचं. ज्याला पकडायला जायचं त्याच्याच तंबूत आधी कॉफी घ्यायची, त्याच्या म्हाताऱ्या बापाची तब्येत विचारायची, आणि मग म्हणायचं, चल. तो त्या तंबूतल्या लोकांतलाच होता, म्हणून ते जमायचं. आणि माग काढणं हे त्याला कोणी पोलिसात शिकवलं नव्हतं, ते त्याच्या मामाकडून आलेलं. मामा सांगायचा, ठसा डोळ्यांनी बघू नकोस, डोळे फसतात. त्याच्या शेजारी तुझा पाय ठेव आणि तो माणूस चालला तसा चाल. त्याचं दुखणं तुझ्या गुडघ्यात येईल, त्याची तहान तुझ्या घशात येईल, आणि मग तो कुठे वळणार ते तुला आधीच कळेल. चाल अंगावर घ्यायची. आणि माणूस सापडला, जिवंत असो की मेलेला, की त्याला हात लावायचा. बेड्या नंतर. आधी नुसता हात. त्याची चाल त्याला परत.

दुगैमचा माग त्यानं असाच काढला. हिवाळ्यात, पाऊस होऊन गेल्यावर. दुगैमचं त्याच पाण्यावर राहणाऱ्या शतीवी नावाच्या माणसाच्या घराशी विहिरीवरून भांडण झालं होतं, चार माणसांसमोर त्यानं शतीवीच्या भावाला शिवी दिली होती आणि त्या भावानं चाकूवर हात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुगैम घरी आला नाही. तराद उंटावरून उतरला आणि त्या वाकड्या डाव्या पायाशेजारी आपला डावा पाय वाकडा करत चालत निघाला. दिवसभर चालला. संध्याकाळपर्यंत त्याचा घोटा खरोखरच ठणकायला लागला होता. माग चिखलाच्या मोठ्या सपाटीवर गेला. अशी सपाटी, की तिच्यावर उभं राहिलं तर क्षितिज चारी बाजूंनी सारखंच दूर दिसतं. पावलं शांत होती, न घाबरलेली. मागे वळून पाहणाऱ्याची टाच फिरते, तशी एकही फिरलेली नव्हती. शेजारी दुसरं कोणाचंही पाऊल नव्हतं. आणि मग, सपाटीच्या मधोमध, एक डावं पाऊल होतं आणि पुढचं उजवं नव्हतं. ना उंटाची खूण, ना चाकाची, ना पडल्याची. गुळगुळीत, नुकताच वाळू लागलेला चिखल. तराद तिथे उजवा पाय उचलून उभा राहिला होता. तो पाय कुठे ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं. आजही त्याला कधी कधी झोप लागता लागता तो उचललेला पाय जाणवायचा.

त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. जमातीच्या पंचांपुढे उभं राहून सांगितलं, की माग एकट्याचा होता आणि मधेच संपला. पण मधेच संपणारा माग कोणाला चालत नाही. दुगैमचा काका मतलक म्हणाला, माणूस काय पाखरू आहे? कोणीतरी खुणा पुसल्या. आणि पुसायचं कारण एकाच घराला होतं. पंचांनी शतीवीच्या लोकांना विहिरी सोडून जायला सांगितलं. खुनाचा संशय असला की दोन घरांनी एका पाण्यावर राहायचं नाही, हे ठरलेलंच आहे. तंबू उतरवले गेले. कमांडर म्हणून तरादच त्यांच्याबरोबर सरहद्दीच्या रस्त्यापर्यंत गेला होता, वाटेत कोणी कोणाला मारू नये म्हणून. शतीवी ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता, मांडीवर कॉफीची भांडी घेऊन. तो एवढंच म्हणाला, “अबू वदहा, तुझं वाक्य अर्धं राहिलं रे.” तरादला मुलगा नाही म्हणून लोक त्याला मुलीच्या नावानं, ‘वदहाचा बाप’ अशी हाक मारत, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण अर्ध्या वाक्याचं वाटलं होतं.

“बाबा,” खालून वदहाची हाक आली. “टाकी भरली का? केव्हाचं वाहतंय पाणी, पाइपातून आवाज येतोय.”

आवाज येत होताच. त्याला आत्ता ऐकू आला. टाकीचा तरंगता गोळा पुन्हा अडकला होता आणि पाणी काठावरून पाझरत गच्चीवर पसरत होतं. आज पाणी पहाटेच सोडलं असणार. त्यानं जाऊन गोळा हलवला, नळ बंद केला, आणि परत येताना ओल्या जागेला वळसा घालू लागला, तर त्याला दिसलं की ओली जागा जागेवर नाही. वारा पाण्याचा पातळ पत्रा ढकलत होता. बोटभरसुद्धा खोल नसलेलं पाणी, एखाद्या चादरीसारखं, टाकीकडून डिशकडे सरकत होतं, आणि वारा पडला की हळूच परत येत होतं. जिथून ते सरकलं तिथे ठसा नव्हता, धूळ पुन्हा बसून गुळगुळीत झाली होती आणि झपाट्यानं सुकत होती. आणि त्या चादरीच्या काठावर, जिथवर ती येऊन गेली होती तिथे, एक बारीक काळसर रेघ होती. कबुतरांच्या पिसांचे तंतू, काडीकचरा, साबणासारखा थोडा फेस. पावलं त्या रेघेपासून सुरू होत होती. जातानाची पावलं, असलीच तर, रात्रभर पडलेल्या धुळीखाली गेली असणार.

तराद खाली बसला. गुडघे कुरकुरले. त्यानं रेघेला बोट लावलं, आणि बोट लावताच त्याला ती दुसरी रेघ आठवली. म्हणजे आठवली असं नाही. ती डोळ्यांत कुठेतरी पडून राहिली होती आणि आज तिच्यावर उजेड आला. सपाटीवरच्या त्या शेवटच्या डाव्या पावलापुढे, वीतभर अंतरावर, चिखलावर एक लांब वाकडी रेघ होती. वाळलेल्या गवताच्या काड्या, उंटाच्या लेंड्यांचा भुगा, सुकलेला फेस. ती उजवीकडे डावीकडे नजर पोचेल तिथवर गेली होती. त्यानं ती पाहिली होती आणि माणसाचं काही नाही म्हणून सोडून दिली होती. पावसानंतर त्या सपाटीवर पाणी साचतं, घोटाभर, हे त्याला ठाऊक होतं. पण तो पोचला तेव्हा पाणी तिथे नव्हतं, दूर दक्षिणेला चमकत होतं. ते चालत गेलं असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. दुगैम गेला तेव्हा पाणी इथवर होतं. तो पाण्यात शिरला आणि चालत राहिला. मग वारा फिरला, पाणी सरकलं, खाली गुळगुळीत चिखल उरला. पलीकडे काळ्या दगडांचा माळ, ज्याच्यावर हत्तीचंही पाऊल उमटलं नसतं. माग संपलाच नव्हता. त्यानंच उजवा पाय खाली टेकला नव्हता.

त्याला हसू आलं, आणि मग ते थांबलं. कारण रेघेनं पावलं कुठून सुरू होतात ते सांगितलं होतं, पावलं कोणाची ते सांगितलं नव्हतं.

तो त्यांच्या कडेकडेनं जिन्यात आला. पायऱ्यांवर धूळ कमी होती, पण होती: डाव्या पावलाची बाहेरची कड, एखाद्या कोयत्याच्या पात्यासारखी. चौथ्या मजल्यावरचं त्यांचं दार. आतल्या फरशीवर पिवळी पुसट कोर, बैठकीतून, न्हाणीघरावरून, त्याच्या खोलीत. पलंगाशी. चादरीच्या पायथ्याशी धूळ. तो पलंगावर बसला आणि त्यानं डावा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्याची बाहेरची कड पिवळी होती. अंगठा स्वच्छ होता.

“सापडलं का काही?” वदहा दारात उभी होती, हातात ब्रश, तोंडात पेस्टचा फेस. ती दातांची डॉक्टर होती आणि दुसऱ्यांना लावते ती शिस्त स्वतःलाही लावायची. “तुम्ही झोपेत उठता हल्ली. ही तिसरी वेळ. मी काही बोलले नाही, म्हटलं उगाच घाबराल.”

“मी घाबरेन?”

“बरं, चिडाल.” ती न्हाणीघरात जाऊन थुंकून आली. “आणि चाल बघा तुमची. केव्हाची सांगतेय हाडाच्या डॉक्टरकडे चला. चप्पल बघा ना.” तिनं वाकून त्याची डावी चप्पल उचलली आणि उलटी करून त्याच्या नाकासमोर धरली. बाहेरची कड झिजून कागदासारखी झाली होती. “सगळ्या जगाचे तळवे वाचलेत म्हणे आमच्या बाबांनी.”

तो चपलेकडे बघत राहिला. पोलिसात असताना तो स्वतःचे ठसे कधी बघत नसे. मागावरचा माणूस आपली पावलं आधी वजा करतो, तरच बाकीची दिसतात. त्यानं आयुष्यभर स्वतःला वजा केलं होतं. त्या जागेत दुसरं कोणी येऊन राहिलं तर ते त्याला दिसणार कसं? मामानं सांगितलं होतं, माणूस सापडला की हात लाव. माणूस सापडला नव्हता. चाल परत कोणाला करायची होती? इतकी वर्षं ती त्याच्या हाडांत गप्प बसून होती, आणि आता हाडं म्हातारी झाली तशी ती वर आली, ओहोटीला खडक वर यावेत तशी.

“आज जाऊ नका वाटलं तर,” वदहा हळू म्हणाली. “मी फोन करते त्यांना. सांगते बरं नाही.”

“तू नाही करणार.”

कारण आज दुपारीच ती बैठक होती. शतीवीचे लोक शहराबाहेर, पत्र्याच्या घरांत म्हातारे झाले होते. शतीवीला आता विहिरीपाशी मरायचं होतं, आणि त्यासाठी तो मतलकच्या घरी मोठ्या माणसांना घेऊन विनंती करायला येणार होता. मतलकनं एकच अट घातली होती: ज्यानं माग काढला त्यानं येऊन दुगैमच्या आईसमोर शपथेवर सांगावं, की माग एकट्याचा होता आणि तो कसा संपला. अर्धं वाक्य चालणार नाही. आणि सांगणारा शुद्धीवर असला पाहिजे; रात्री गच्चीवर फिरणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दावर कोणी विहीर परत देत नाही. हे वदहालाही कळत होतं. म्हणून तिनं ओल्या फडक्यानं फरशी पुसली, आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाली, “तिथे जास्त चालू नका. बसून बोला.”

मतलकचं घर शहर संपतं तिथे होतं. सिमेंटचं दुमजली, पण खाली तंबूसारखी लांब बैठक, भिंतीला धरून गाद्या, मधे उघडी फरशी. अंगणात धूळ पोटऱ्यांपर्यंत उडत होती. तराद गाडीतून उतरून दारापर्यंत चालला आणि चालताना त्याला दर पावलाला डावा घोटा ऐकू आला, दात वाजावा तसा. आत सगळे उठले, खांद्यांना खांदे लागले, नाकाला नाक. चुंबनं, तब्येती, पाऊस, पुन्हा तब्येती. त्या गर्दीत तो बसला. शतीवी समोर होता, इतका आक्रसलेला की डोक्यावरचं फडकंच मोठं दिसत होतं. त्याच्यापुढे कॉफीचा छोटा कप जमिनीवर ठेवलेला होता. भरलेला. मागणं मान्य होईपर्यंत तो उचलायचा नसतो. टोकाला, जाड शालीत, दुगैमची आई फिद्दा बसली होती. बाई इतकी म्हातारी झाली की पुरुषांच्या बैठकीत तिला कोणी नको म्हणत नाही. तिचे डोळे दुधासारखे झाले होते आणि ते कोणाकडेच वळत नव्हते.

तरादनं सांगितलं. पाण्याची चादर, वारा, काड्यांची रेघ. सांगताना त्याला स्वतःलाच ते स्वच्छ वाटलं, प्रयोग करून दाखवता येईल इतकं. बैठक ऐकत होती. मग मतलक दाढीवरून हात फिरवत म्हणाला, “चांगलं आहे. आणि हे तुम्हाला कधी समजलं, अबू वदहा?”

“आज सकाळी.”

“कुठे?”

“गच्चीवर. टाकी वाहत होती.”

कोणीतरी घशात हसलं. मतलक हसला नाही. “म्हणजे माझा पुतण्या सपाटीवर गेला, आणि तो तुम्हाला सापडला पाण्याच्या टाकीपाशी. मुलगी दातांची डॉक्टर ना तुमची? तिला म्हणावं डोक्याचंही बघत जा.”

“काका,” उंबरठ्याबाहेर थांबलेली वदहा म्हणाली, “माझ्याकडे या एकदा. तुमची दाढ इथून वास मारतेय.”

आता बैठक मोकळेपणी हसली, मतलकसुद्धा, आणि ते हसणं वाईट होतं, कारण त्या हसण्यात सगळं निघून चाललं होतं. शतीवीनं कपाकडे पाहिलं. त्याच्यावर साय धरावी तसा पातळ पडदा आला होता. मतलकनं डोळे पुसले आणि म्हणाला, “बरं. जे असेल ते. आईसमोर जा आणि हात ठेवून सांगा. तिनं मानलं तर मी कोण.”

तराद उठला. फिद्दापर्यंत उघडी फरशी होती आणि बूट दाराशी काढून ठेवल्यानं तो अनवाणी होता. त्यानं सरळ चालायचा प्रयत्न केला, डावा अंगठा दाबून टेकवायचा, पण पाय त्याचं ऐकत नव्हता. पाय स्वतःच्या वाटेनं चालला होता, आणि ती वाट त्याला चांगली माहीत होती. टाच. कड. घाईचं उजवं. फरशीवर तळव्यांचा आवाज लहान, ओला. टाच. कड. घाईचं उजवं. निम्म्या वाटेवर त्यानं पाहिलं, की म्हातारीची मान वळली आहे. दुधाळ डोळे फरशीवर, त्याच्या पायांच्या थोडे पुढे, जिथे पुढचं पाऊल पडणार तिथे लागले होते.

“दुगैम,” ती म्हणाली. हाक नव्हती. उशिरा घरी येणाऱ्याला आई जसं नुसतं नाव घेते, तसं.

मतलकचं तोंड उघडं राहिलं होतं. तराद शेवटच्या पावलावर थांबला, उजवा पाय उचललेला, आणि त्याला सपाटी दिसली, चारी बाजूंनी सारखंच दूर असलेलं क्षितिज, आणि समोर, जिथे त्यानं काही पाहिलं नव्हतं तिथे, संध्याकाळच्या उजेडात चमकणारं पाणी. त्यानं पाय खाली टेकला. फरशी थंड होती. तो तिच्यासमोर खाली बसला.

तिनं हात पुढे केला आणि त्याचा चेहरा चाचपला नाही. तिचा हात सरळ खाली गेला, डाव्या घोट्यावर. बोटं हाडाभोवती फिरली, बाहेरच्या कडेवरून करंगळीपर्यंत आली, परत टाचेशी गेली. तिचे हात कोरडे आणि फार गरम होते.

“कोण होतं बरोबर?” तिनं विचारलं.

शपथेचे शब्द त्याच्या तोंडात तयार होते, देवाचं नाव, जमातीचं नाव, हुद्दा. त्यातलं काहीच आलं नाही. “कोणी नव्हतं, आई. एकटाच चालत गेला.”

“पळत नव्हता?”

“नाही. एकदाही मागे वळला नाही.”

तिनं घोटा सोडला नाही. “पाणी थंड होतं?”

बैठकीत कोणीतरी श्वास सोडला. तरादला आपल्या पोटऱ्यांवर शहारा चढताना जाणवला, आणि त्याला उत्तर माहीत होतं, गणितानं नाही, कातडीनं. “घोट्यापर्यंतच होतं,” तो म्हणाला. “थंड होतं. मग सवय झाली.”

म्हातारीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग तिनं त्याच्या घोट्याला एकदा घट्ट दाबलं, हातात काहीतरी धरून घ्यावं तसं, आणि मूठ मिटूनच शालीच्या आत नेली. “मतलक,” ती म्हणाली, “त्या माणसांची कॉफी निवून गेली. प्यायला सांग. आणि त्यांचे तंबू त्यांच्या जागी लागू देत.”

शतीवीनं कप उचलून एका दमात तोंडाला लावला, अर्धी कॉफी दाढीत गेली, आणि त्याला कोणी हसलं नाही.

बाहेर वारा पडला होता. ऊन उतरलं होतं आणि अंगणातल्या धुळीत प्रत्येक खळगी सावलीनं भरली होती. वदहा गाडीपर्यंत पुढे गेली आणि दार उघडून वळून बघत राहिली. “बाबा,” ती म्हणाली, “किती नीट चालताय. मगाशी तर…” ती थांबली.

तराद थांबला. त्यानं आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं, मागे वळून स्वतःचे ठसे बघितले. येतानाचे होते, गाडीपासून दारापर्यंत: डाव्या बुटाची बाहेरची कड खोल, आतली बाजू जेमतेम टेकलेली. जातानाचे होते, दारापासून त्याच्या पायापर्यंत: तेच बूट, दोन्ही सपाट, सारखे, एका म्हाताऱ्या पोलिसाचे. डाव्या घोट्यात काहीही नव्हतं. त्यानं तो फिरवून पाहिला. इतका हलका, की परका वाटला. दोन्ही मागांच्या मधे उंबरठा होता, आणि आत गेलेला माणूस आणि बाहेर आलेला माणूस एक नव्हता, हे माग वाचता येणाऱ्या कोणालाही कळलं असतं.

आतली माणसं निरोप घेऊन एकेक बाहेर पडत होती. बैठक रिकामी होत होती. उघड्या दारातून म्हातारीचा आवाज येत होता, बारीक, न संपणारा, मधे मधे उत्तरासाठी थांबणारा. ती कोणाला तरी विचारत होती, जेवला होतास का.